जळगावच्या फलाटावरून लक्षद्वीपकडे

जळगाव आणि भुसावळ स्टेशनांवर रोज एक गाडी थांबते. दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन स्टेशनाहून निघून केरळातल्या एर्नाकुलमला जाणारी ‘मंगला-लक्षद्वीप एक्स्प्रेस’. आपली माणसे तिला नुसती ‘मंगला’ म्हणतात, नाशिक किंवा कल्याणला उतरतात, आणि नावाचा उरलेला अर्धा भाग घेऊन गाडी तशीच पुढे जाते. त्या उरलेल्या नावापर्यंत एकदा जाऊन यावे, असे खान्देशातल्या किती घरांना वाटले असेल? सुटी लागली की आपले बेत ठरलेले असतात: हैदराबाद, अजमेर, महाबळेश्वर, ऐपत असेल तर काश्मीर नाहीतर दुबई. समुद्र बघायचा तर जुहू आणि हाजीअली. बोटीवर राहून बेटामागून बेट बघत जाणे, ज्याला आता सगळे ‘क्रूझ’ म्हणतात, ते सिनेमातल्या लोकांचे काम असा आपला समज.

हा समज फार जुना नाही. आपल्या दादा-परदादांना समुद्र परका नव्हता. तापी आपल्या शेतांना लागून वाहत सुरतेला समुद्राला मिळते, आणि मोगलांच्या काळात हाजींची जहाजे सुरतेहूनच सुटत. म्हणून त्या बंदराला मक्केचा दरवाजा म्हणत. बुऱ्हाणपूरचे तांडे नंदुरबारवरून त्या बंदराकडे उतरत. पुढे रेल्वे आली आणि वाट मुंबईकडे वळली. पत्र्याची पेटी, गुंडाळलेला बिछाना, साबू सिद्दीक मुसाफिरखान्यातला मुक्काम, मग मोगल लाइनच्या जहाजावर आठ-दहा दिवस, वाटेत एडन, आणि त्याही आधीच्या पिढीला तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर क्वारंटाइनसाठी उतरावे लागे. ही सगळी नावे जुन्या घरांतल्या बायकांना तोंडपाठ असत. १९९५ नंतर मुंबईहून जहाजाने हज बंद झाला, सगळे विमानाने जाऊ लागले, आणि एका पिढीत आपण समुद्र विसरलो.

आता समुद्रपर्यटनाच्या जाहिराती पुन्हा दिसू लागल्या आहेत. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी लक्षद्वीपला भेट दिली, फोटो सगळीकडे फिरले आणि ट्रॅव्हलवाल्यांकडे विचारणा वाढली. तेव्हा मुस्लिम कुटुंबाने जायचे तर कसे जावे, काय बघावे, हे नीट समजून घेतलेले बरे.

कोणत्या जहाजाने?

मुंबईहून खाजगी कंपनीची मोठी क्रूझ जहाजे सुटतात. गोवा, कोची, लक्षद्वीप असा त्यांचा मार्ग असतो. जहाज म्हणजे तरंगते पंचतारांकित हॉटेल: पोहण्याचे तलाव, रात्री नाच-गाणी, बार, कॅसिनो. लहान मुलांना मजा येते हे खरे. पण बराच वेळ जहाजावरच जातो, आणि बेटावर चार-सहा तासांपुरते उतरवतात. ज्या घरात दादी बरोबर आहे, नमाजाची पाबंदी आहे आणि खाण्याच्या बाबतीत दक्षता आहे, त्या घराने इतके पैसे मोजून बारच्या संगीतात रात्र काढावी, हे मला तरी पटत नाही.

परदेशातले म्हणाल तर सिंगापूर, पेनांग, लंगकावी, फुकेत हा मार्ग आपल्याकडचे टूरवाले विकतात. त्यातले पेनांग बघण्यासारखे आहे. जॉर्जटाऊनमधली कापितान केलिंग मशीद एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानातून गेलेल्या मुस्लिम व्यापाऱ्यांनीच उभी केली. पण त्यासाठी पासपोर्ट, विमानाचे भाडे आणि बराच खर्च लागतो.

तिसरा मार्ग सरकारी आहे आणि आपल्या लोकांना तोच कमी ठाऊक आहे. लक्षद्वीप प्रशासनाची ‘स्पोर्ट्स’ नावाची पर्यटन संस्था आहे. तिचे कार्यालय कोचीच्या विलिंग्डन बेटावर आहे. ‘समुद्रम्’ या नावाने ती पाच दिवसांची सहल काढते: ‘एम. व्ही. कवरत्ती’ हे सातशे प्रवाशांचे जहाज कोचीहून निघते, रात्री प्रवास करते, दिवसा एकेका बेटाजवळ थांबते. कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय अशी तीन बेटे दाखवतात. दुपारचे जेवण बेटावर आणि झोपायला जहाजावर. त्याच जहाजातून दवाखान्याच्या कामाला, कॉलेजला, लग्नाला जाणारे बेटावरचे लोकही असतात, म्हणजे एस.टी.त बसल्यावर जशी ओळख होते तशी इथेही होते. डेकवर मलयाळममध्ये गप्पा चालतात, पण हिंदी बहुतेकांना कळते.

कोचीत दोन दिवस

मंगलाने जळगावहून एर्नाकुलमला पोचायला तीसेक तास लागतात. धुळेकरांना मालेगाववरून मनमाड गाठून तीच गाडी धरणे सोयीचे. पनवेलनंतर कोकण रेल्वेचे बोगदे आणि नद्या लागतात, खिडकीची जागा मुलांना द्या. पावसाळ्यात या मार्गाचे वेळापत्रक बदलते, पण पावसाळ्यात तसेही जायचे नाही.

जहाज एक-दोन दिवस पुढे-मागे होऊ शकते, म्हणून कोचीत दोन दिवस हाताशी ठेवा. ते वाया जात नाहीत. मट्टनचेरी हा जुन्या बंदराचा भाग. मिरी-सुंठीच्या वखारी, ज्यूंचे प्रार्थनास्थळ, कच्छी मेमनांची वस्ती आणि मशिदी एकमेकांना लागून आहेत. फोर्ट कोचीला चिनी पद्धतीची मासेमारीची जाळी आहेत. २०२३ पासून वॉटर मेट्रो सुरू झाली आहे. तिचे तिकीट स्वस्त आहे आणि पाण्याची भीती असलेल्यांना मोठ्या जहाजाआधी सवय करायला ती उत्तम.

कोचीच्या उत्तरेला कोडुंगल्लूर आहे. तिथली चेरमान जुमा मशीद इ.स. ६२९ ची, म्हणजे हिंदुस्थानातली पहिली, असे परंपरा सांगते. चेरमान पेरुमल राजाची कथा तिच्याशी जोडली आहे. तारखेबद्दल इतिहासकारांत एकमत नाही, पण मलबारला इस्लाम व्यापाऱ्यांच्या गलबतांतून आला, याबद्दल कोणाचे दुमत नाही. लाकडी छप्पर, आत जळणारा पितळी दिवा, बाहेर पुष्करणी असे केरळच्या मंदिरासारखेच तिचे जुने रूप. २०१६ मध्ये पंतप्रधानांनी सौदीच्या राजांना याच मशिदीची सोन्याचा मुलामा दिलेली प्रतिकृती भेट दिली होती.

बेटांवर

लक्षद्वीपमध्ये ३६ बेटे, त्यातल्या फक्त १० बेटांवर वस्ती, सगळी जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३ होती आणि त्यात ९६ टक्क्यांहून अधिक मुसलमान. हजरत उबैदुल्लाह नावाचे बुजुर्ग सातव्या शतकात जहाज फुटून अमिनी बेटाला लागले आणि त्यांनी दीन पोचवला, अशी तिथली रिवायत आहे. त्यांची मजार आंद्रोत बेटावर दाखवतात. बेटांवरचे जवळजवळ सगळे मूळ रहिवासी सरकारी यादीत अनुसूचित जमातीचे आहेत. मुसलमान आणि आदिवासी एकाच वेळी कसे, असा प्रश्न पुण्या-मुंबईच्या माणसाला पडेल. यावल, रावेर, चोपड्याच्या तडवी भावंडांशेजारी राहिलेल्या आपल्याला तो पडू नये.

कवरत्ती ही राजधानी. पूर्वी या बेटांचा कारभार कोझिकोडहून चाले, १९६४ मध्ये तो इथे आला. बेट एवढे लहान की एका बाजूच्या लाटांचा आवाज दुसऱ्या बाजूकडे चालत जाईपर्यंत पुरता थांबत नाही. मशिदी मात्र पन्नासाच्या घरात. त्यातली उजरा मशीद नक्की बघा. तिच्या छताचे कोरीव लाकूडकाम वाहत आलेल्या ओंडक्यातून घडवले असे सांगतात. चोपड्या-यावलच्या सुतारांनाही बोट तोंडात घालायला लावील असे ते काम आहे.

नमाजाबद्दल थोडे. बेटांवरचे लोक शाफई आहेत, आपण बहुतेक हनफी. अस्रची जमात आपल्या वेळेच्या आधी होते, आमीन मोठ्याने म्हणतात, फजरला कुनूत पढतात. मुले गोंधळली तर आधीच सांगून ठेवा. आपण मुसाफिर, म्हणून एकट्याने कस्र, पण मुकामी इमामाच्या मागे उभे राहिलात तर पुऱ्या चार रकात. किब्ला जळगावात जवळजवळ सरळ पश्चिमेला असतो, इथे तो वायव्येकडे बराच अधिक झुकतो. जहाज वळत राहते, तेव्हा मोबाइलमधले कंपास किंवा जहाजावरचा कर्मचारी यांना विचारून दिशा घ्या. चक्कर येत असेल तर बसून नमाज पढण्याची सवलत आहे. बारीक मसले निघण्याआधी आपल्या मौलाना साहेबांना विचारून घ्यावेत.

आणि खाण्याबद्दल. बेटावर हलालचा प्रश्नच नाही, पण वेगळा एक प्रश्न आहे. तिथे आठपायी माकूल, म्हणजे ऑक्टोपस, आवडीने खातात. शाफई मसलकात समुद्रातले बहुतेक सगळे चालते, हनफींत फक्त मासळी. तेव्हा यजमानाने प्रेमाने ताट पुढे केले तर आधी काय आहे ते विचारा आणि नको असेल तर हसून सांगा, कोणी वाईट मानत नाही. बाकी टूना मासा, नारळ आणि भात. तिखटाला सरावलेल्या खान्देशी जिभेला दुसऱ्या दिवशी ठेचा आठवतो. बरोबर बाटलीभर नेलेला बरा.

कल्पेनीला आतले पाणी, म्हणजे प्रवाळाच्या कड्याने अडवलेले उथळ शांत पाणी, सर्वांत सुंदर. त्याला लगून म्हणतात. तिलक्कम आणि पिट्टी ही छोटी बेटे त्याच लगूनमध्ये आहेत. पूर्व किनाऱ्यावर प्रवाळाच्या दगडांचा बांध दिसतो, तो १८४७ च्या वादळाने समुद्रातून उचलून टाकला असे मानतात. पोहता न येणाऱ्यांनाही कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून रंगीत मासे दिसतात. पण कल्पेनीला जाताना मनात घेऊन जायची गोष्ट दुसरीच आहे.

१९६९ मध्ये लीला दुबे यांचे या बेटावर पुस्तक निघाले. लीलाबाई मूळच्या मराठी, माहेरच्या आंबर्डेकर, गायिका सुमती मुटाटकर यांच्या भगिनी. त्यांच्यासाठी बेटावरची माहिती गोळा केली ती अब्दुल रहमान कुट्टी यांनी. पुस्तकाचा विषय एका वाक्यात सांगायचा तर: शेकडो वर्षे मुसलमान असलेल्या या लोकांत घर आईकडून मुलीकडे जाते. त्या घराण्याला ‘तरवाड’ म्हणतात. लग्नानंतर मुलगी सासरी जात नाही, जुन्या रिवाजात नवरा रात्री बायकोच्या घरी येतो आणि सकाळी आपल्या आईच्या घरी परततो. मालमत्तेचे दोन प्रकार: ‘शुक्रवारची’ आणि ‘सोमवारची’. शुक्रवारची म्हणजे वडिलोपार्जित, तरवाडाची. तिची देखभाल भाऊ-मामा करतात, उत्पन्नात वाटाही घेतात, पण ती विकायची नाही, वाटायची नाही, आणि वारसा बायकांच्या बाजूनेच पुढे जातो. सोमवारची म्हणजे माणसाने स्वतः कमावलेली, आणि ती शरीयतप्रमाणे वाटली जाते. दोन्ही कायदे एकाच घरात, एकाच छपराखाली.

यावर वाद झाले नाहीत असे नाही. उलेमांनी आक्षेप घेतले, कोर्टकज्जे झाले, आता नवराबायको वेगळे घर बांधून राहू लागले आहेत आणि तरवाड ढिले पडत आहेत. तो रिवाज आपण उचलावा असे मी म्हणत नाही, शरीयतमधला वारसा वेगळा आहे आणि तो स्पष्ट आहे. पण सूरह निसाने मुलीचा जो हिस्सा ठरवून दिला तो आपल्याकडे किती घरांत पोचतो? तलाठ्याकडे बहिणींच्या सह्या घेऊन हक्कसोड पत्र करायचे, वर ‘आपाने खुशीने दिले’ म्हणायचे, हे पारोळ्यापासून शिरपूरपर्यंत सगळ्यांनी पाहिलेले आहे. कल्पेनीतली म्हातारी स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या माडाखाली बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करते ती मालकिणीच्या आवाजात. आपल्या लेकींना ते दृश्य दाखवायला तरी न्यावे. या बेटांत मुलींनी शाळेची पायरी पहिल्यांदा चढली तीही कल्पेनीतच.

मिनिकॉय, तिथल्या भाषेत मलिकु, सगळ्यांत दक्षिणेला. इथे मलयाळम संपते आणि महल सुरू होते, ती मालदीवच्या दिवेहीची बहीण. मध्ये फक्त आठ अंशाची खाडी. इब्ने बतूता चौदाव्या शतकात मालदीवमध्ये काजी होता. तिथल्या बायकांच्या पेहरावाबद्दल आपण हुकूम काढले आणि ते कोणी ऐकले नाहीत, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. मिनिकॉयमध्ये वस्तीचे वेगवेगळे भाग आहेत, त्यांना ‘अवह’ म्हणतात. प्रत्येकाचा एक पुरुष पंच, बोडुकाका, आणि एक स्त्री पंच, बोडुथाथा. पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जगभरच्या जहाजांवर खलाशी, म्हणून गाव चालवले बायकांनी. ही बेटे एकेकाळी कण्णूरच्या अरक्कल घराण्याकडे होती. केरळचे ते एकमेव मुस्लिम राजघराणे. घरातला सर्वांत वडील माणूस गादीवर बसे. तो पुरुष असला तर अली राजा, बाई असली तर अरक्कल बीवी.

इथला दीपस्तंभ १८८५ चा आहे. वर चढायला मिळाले तर गुडघे साथ देणाऱ्यांनी जरूर चढावे: एका बाजूला चंद्रकोरीसारखे हिरवे बेट, आत फिकट निळे पाणी, बाहेर काळसर निळा समुद्र. टूना मासा उकडून, धुरी देऊन, उन्हात वाळवून लाकडासारखा कडक करतात. त्याला ‘मास’ म्हणतात. महिनोन्‌महिने टिकतो. नारळाच्या गुळापासून केलेला हलवा घ्या, तो सगळ्यांना आवडतो.

शंख-प्रवाळ मात्र आणू नका. प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, तुकडा जरी पिशवीत सापडला तरी गुन्हा. आणि कायदा नसता तरी आणू नये. ही बेटे समुद्राच्या पातळीपेक्षा मीटर-दोन मीटरच उंच आहेत, त्यांना लाटांपासून वाचवतो तो हा प्रवाळाचा कडाच. पाणी तापले की प्रवाळ पांढरा पडून मरतो. १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये तसे झाले. बंगारमजवळचे परळी नावाचे एक निर्जन बेट पुरते झिजून गेल्याची नोंद २०१७ मध्ये झाली.

गोड्या पाण्याचेही तसेच. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगते. जास्त उपसले की विहीर खारट. केळीच्या पट्ट्यात बोअर किती खोल न्यावी लागते हे रावेरच्या शेतकऱ्याला विचारा, त्याला हे हिशेब लगेच कळतील. कवरत्तीला २००५ मध्ये एक कारखाना उभा राहिला. त्यात समुद्राच्या वरचे कोमट पाणी कमी दाबाखाली वाफ करतात आणि साडेतीनशे मीटर खोलीवरून ओढलेल्या गार पाण्याने त्या वाफेचे पुन्हा पाणी करतात. रोजचे एक लाख लिटर. पुढे मिनिकॉय आणि अगत्तीलाही असे कारखाने झाले. तेव्हा बेटावर वुजू करताना नळ सोडून ठेवू नका. ज्यांच्या घरी नळाला चार-सहा दिवसांनी पाणी येते त्यांना हे वेगळे सांगायला नको.

निघण्याआधी

लक्षद्वीपला बाहेरच्या माणसाला परवान्याशिवाय जाता येत नाही, १९६७ पासूनचा तसा नियम आहे. सरकारी सहल घेतली तर परवान्याचे काम संस्थाच करते, तुम्ही ओळखपत्रे आणि फोटो वेळेत पाठवायचे. जहाजांच्या तारखा आणि दर हंगामागणिक बदलतात, म्हणून दोन-तीन महिने आधी चौकशी करा आणि पक्की तारीख हातात आल्यावरच मंगलाचे आरक्षण काढा. हंगाम ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकलेला असतो, तिथे उष्मा तेवढा नसला तरी दमटपणा फार. डिसेंबर-जानेवारी सर्वांत चांगले.

कपड्यांचे अवघड नाही, आपण घरात जसे राहतो तसेच तिथे राहतात. पाण्यात उतरायला बायकांसाठी पूर्ण अंगाचा, लवकर वाळणारा पोशाख घ्या. बेटांवर परंपरेने दारूबंदी आहे, त्यामुळे संध्याकाळी मुलींना घेऊन किनाऱ्यावर बसायला धास्ती वाटत नाही.

एक गोष्ट कोणी जाहिरातीत सांगत नाही. प्रवाळामुळे मोठे जहाज किनाऱ्याला लागत नाही, ते बाहेर थांबते. दारातून खाली हलणाऱ्या लहान होडीत उतरावे लागते आणि परत येताना होडीतून वर चढावे लागते. खलाशी दोन्ही हात धरून घेतात, सराईत असतात. पण लाट असेल त्या दिवशी तरण्या माणसाचेही काळीज लकाकते. गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या अम्मींना किंवा दिवस गेलेल्या सुनेला नेण्याआधी याचा विचार करा. त्यांच्यासाठी कोचीहून अगत्तीला विमान आहे, एकच बेट बघायला मिळेल पण आरामात मिळेल. बाकीच्यांनी चढउतार करताना हात मोकळे ठेवावेत, पिशवी पाठीवर, चप्पल पट्ट्याची, आणि उलटीची गोळी जहाज सुटण्याच्या तासभर आधी घ्यावी, सुटल्यावर नाही.